फ्यूजच्या जागी तार

आमच्या दारात दोन वर्षं एक गाडी उभी आहे. तिला काही झालंय असं बघून कोणी म्हणणार नाही. चावी फिरवली की इंजिन सुरू होतं, एसी गार हवा देतो, टायरची नक्षी शाबूत आहे. फक्त ती पुढे जात नाही आणि मागेही जात नाही. गल्लीतली माणसं आधी रोज विचारायची, आता कोणी विचारत नाही. समोरची बाई तिच्या बॉनेटवर पापड वाळत घालते. पहिल्यांदा मी ओरडलो होतो. आता म्हणतो, घालू दे, कोणाच्या तरी उपयोगाला येतेय.

मी जॉबर आहे. भिवंडीत हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, बाहेर लागतो. लूम म्हणजे यंत्रमाग बंद पडला की कामगार ज्याच्या नावाने बोंब मारतो, तो जॉबर. कामतघरच्या कारखान्यांत मी बत्तीस वर्षं पाने आणि पकड घेऊन फिरतोय. माझ्या हाताखालचे काही लूम माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत. मुंबईच्या गिरण्यांतून भंगारात निघाले, इथे येऊन उभे राहिले आणि अजून कापड काढतायत. त्यांच्यात लपवाछपवी नसते. आडवा दोरा नेणारा धोटा अडकला तर डोळ्यांना दिसतं, पट्टा सैल झाला तर कानाला कळतं. गियरचा दात तुटला तर धामणकर नाक्याच्या मागे लेथवाला आहे, तो दात भरून देतो. माणसाने बनवलेली वस्तू माणसाला दुरुस्त करता आलीच पाहिजे, असं मी चहाच्या टपरीवर इतक्या वेळा ठणकावून सांगितलंय की आता ते आठवलं तरी कसंसंच होतं.

दारातली गाडी माझी नाही, बायकोची आहे. तिला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. डावा पाय मांडीपासून बारीक राहिला. ती त्या पायाला आधाराच्या पट्ट्यांचा कॅलिपर लावते, बाहेर पडताना काठी घेते आणि पडघ्याजवळच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवते. लग्नानंतर सतरा वर्षं ती घरापासून रिक्षाने नाक्यावर जायची, तिथून शेअर रिक्षा, पुढे नाशिक हायवेला एसटी, नाहीतर मिळेल ती जीप. एसटीची पायरी उंच. कोणी हात दिला तर तिला राग यायचा आणि नाही दिला तर चढता यायचं नाही. मी स्कूटरवरून सोडायचो कधी कधी. पण सकाळी दोन लूम बंद पडले की माझा भरवसा नसायचा, हे तिला माहीत होतं, आणि तिने ते कधी बोलून दाखवलं नाही.

सात वर्षांपूर्वी एका कापड व्यापाऱ्याची चार वर्षं वापरलेली ऑटोमॅटिक गाडी विकायला निघाली. क्लच नाही. दोनच पेडल, दोन्ही उजव्या पायाची. डाव्या पायाने नुसतं बसून राहायचं. बायको त्या गाडीत पहिल्यांदा बसली, खाली वाकून दोन पेडल नीट पाहिली आणि म्हणाली, "अहो, यात माझं काही कमीच नाही की." आरटीओच्या साहेबाने तिची काठी पाहिली, कॅलिपर पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, चालवून दाखवा. तिने मागे घेऊन आठचा आकडासुद्धा काढून दाखवला. साहेबाने सही केली.

ती एकटी शाळेत निघाली त्या पहिल्या दिवशी मी स्कूटरवरून मागे गेलो. काळजी म्हणा, संशय म्हणा. हायवेला लागेपर्यंत मी तिच्या मागे होतो. मग तिने जो वेग घेतला तो माझ्या स्कूटरच्या आवाक्यातला नव्हता. मी एका गोदामाच्या फाटकाशी स्कूटर लावली आणि एकटाच हसत उभा राहिलो. इतका आनंद मला माझ्या कुठल्या कामाचा झाला नव्हता.

त्यानंतरची पाच वर्षं तिची होती. येताना पडघ्याच्या बाजारात थांबून ती भाजी घ्यायची. मनात आलं की कल्याणला बहिणीकडे जायची आणि तिथे पोचल्यावर मला फोन करायची. मी शेजारी बसलो तर म्हणायची, "पायाखाली ब्रेक शोधू नका, तो माझ्याकडे आहे." मला कौतुक वाटायचं आणि थोडा अपमानही. घरातली एकुलती एक यंत्रवस्तू माझ्या हाताखालून गेली नव्हती. तिला माझी गरजच पडायची नाही.

मग गरज पडली. एका सोमवारी गियर दाखवणारी खूण डॅशबोर्डवर लुकलुकायला लागली आणि गाडी जागची हलेना. मी फ्यूजचा डबा उघडला. नखाएवढा लाल फ्यूज उडाला होता. नवा टाकला, गाडी चालू. मी अगदी सहज हात पुसले. बुधवारी पुन्हा उडाला. शुक्रवारी पुन्हा.

इथे आमच्या कारखान्यातली एक पद्धत सांगायला हवी. लूमच्या शेडमध्ये फ्यूज उडाला तर तो का उडाला, हे आम्ही विचारत नाही. व्होल्टेजचा ठिकाणा नसतो. कामगाराची मजुरी कापडाच्या मीटरवर, लूम थांबला की त्याचं कापड थांबलं, आणि मालक दारात येऊन उभा. मग चिनी मातीच्या फ्यूजमध्ये एका तारेच्या जागी दोन तारा पिळून टाकायच्या आणि मोटर चालू करायची. दोन उडाल्या तर तीन टाकायच्या. मोटर तापतेय का, ते सुट्टीच्या दिवशी बघू. जळालीच तर वाइंडिंगवाला चार दिवसांत नवी करून देतो. हे मी शेकडो वेळा केलंय. त्यासाठी मालकांनी पाठ थोपटलीय, कामगारांनी चहा पाजलाय. भिवंडीतला कुठलाही जॉबर हेच करतो. जो फ्यूज का उडाला ते शोधत बसतो त्याला आम्ही मास्तर म्हणून चिडवतो.

शनिवारी सकाळी बायको डबा भरत होती. मी जळक्या फ्यूजच्या दोन्ही पायांना तांब्याची तार गुंडाळली, पकडीने दाबली आणि फ्यूज जागेवर बसवला. तार लूमच्या मोटरची होती, चांगली जाड.

"झालं का?" तिने दारातून विचारलं.

"झालं. आता उडनार न्हाय."

आणि तो खरंच उडाला नाही. शनिवार गेला, सोमवार गेला, मंगळवारही गेला. मंगळवारी संध्याकाळी तिने मला न मागता चहा आणून दिला आणि म्हणाली, "काही म्हणा, तुमचा हात लागला की वस्तू चालते." हे वाक्य मी विसरायचा खूप प्रयत्न केलाय.

बुधवारी साडेदहाला तिचा फोन आला. ती पडघ्याच्या अलीकडच्या उड्डाणपुलावर होती, मधल्या लेनमध्ये. गाडीत जळका वास आला, गियर सुटला आणि गाडी थांबली. मीच तिला शिकवलं होतं की थांबलीस तर लिव्हर पार्किंगला टाकायचा. तिने टाकला. तो तिथेच बसला. आता चाकंच फिरेनात, त्यामुळे ढकलताही येईना. दोन ट्रकवाले उतरले, त्यांनी जोर लावून पाहिला आणि हात टेकले. मागे कंटेनरची रांग लागली आणि हॉर्न सुरू झाले. ती फोनवर ओरडून बोलत होती, तरी हॉर्नमुळे मला निम्मं ऐकू येत नव्हतं.

मी पोचलो तेव्हा ती पुलाच्या कठड्याला धरून उभी होती. बाजूची लेन ओलांडून ती तिथवर चालत आली होती. काठी गाडीतच राहिली होती. एका ट्रकवाल्याने आडवा हात करून गाड्या थांबवल्या आणि तिला पलीकडे नेलं. तिच्या चेहऱ्यावर भीती असेल असं मला वाटलं होतं. भीती नव्हती. ती शरमली होती. बावीस वर्षांच्या संसारात मी तिला इतकी खाली मान घातलेली पाहिली नव्हती.

माझा शाळेपासूनचा एक दोस्त धामणकर नाक्याजवळ गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. त्यांचं जुनं कोकणी घराणं, बापाचे लूम होते. याने लूम सोडून गाड्या धरल्या. तो क्रेन घेऊन आला. लिव्हरजवळचं छोटं झाकण काढून त्याने आतल्या भोकात स्क्रूड्रायव्हर खुपसला आणि लिव्हर सुटला. एवढंसं होतं ते. मला माहीत नव्हतं.

गॅरेजमध्ये त्याने फ्यूजचा डबा उघडला आणि तार बाहेर काढली. माझ्याकडे पाहिलं. मग पुढे वाकून वायरिंगचा जुडगा मोकळा केला. एका वायरचं प्लॅस्टिक उंदराने कुरतडलं होतं. आमच्याकडे गोदामं वाढली तशी उंदरांचीही चैन झालीय. ती उघडी तार बॉडीला टेकत होती, म्हणून फ्यूज उडत होता. मी फ्यूजच बंद करून टाकला, मग करंट जायचा तिथे गेला. गियरबॉक्स चालवणारा जो इलेक्ट्रॉनिक डबा असतो, जेवणाच्या डब्याच्या एका कप्प्याएवढा, तो जळाला होता.

"तीन टाइम फ्यूज उडाला म्हंजे तीन टाइम गाडी तुला बोलली," दोस्त म्हणाला. "तू तिचं तोंड बांधलंस, यार."

"वायर किती लागली असती?" मी विचारलं.

"वीतभर. आनि थोडी टेप."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी मनातून घाबरलो नव्हतो. जळालाय ना, मग नवा घालू. बत्तीस वर्षं हेच केलंय.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये इस्त्रीच्या शर्टातल्या एका मुलीने कॉम्प्युटरमध्ये गाडीचा नंबर घातला आणि फार अदबीने सांगितलं, "सर, हे मॉडेल बंद झालंय. हा पार्ट आता येत नाही."

"गाडी नऊच वर्षांची आहे," मी म्हणालो.

"हो सर. नऊ वर्षं झाली ना."

तिचं आणि माझं नऊ वर्षांचं गणित वेगळं होतं. मी आवाज चढवला. ती बिचारी पाण्याचा ग्लास घेऊन आली. तिच्यावर ओरडून काय होणार होतं, तिने थोडाच तो डबा बंद केला होता?

दोस्ताने जळालेला डबा उघडून पाहिला. आत काळ्या चिकट डिंकासारखं काहीतरी ओतून सगळं बुजवून टाकलेलं. पाणी आणि धक्का लागू नये म्हणून ओततात, तो म्हणाला. मला ते पटलं, तरी रागही आला. मी स्क्रू शोधत होतो आणि तिथे स्क्रूच नव्हता. मग मी मुंबईच्या भंगार बाजारात चकरा मारायला लागलो. रविवार, सुट्ट्या, एकदा आजारी पडल्याचं खोटं सांगूनसुद्धा. चार महिन्यांनी अपघातात चेपलेल्या तशाच गाडीतला डबा मिळाला. तोच आकार, तोच नंबर, तोच प्लग. बसवताना टक् करून आवाज आला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. गियर पडला नाही.

डबा चांगला होता. पण तो दुसऱ्या गाडीचा होता, आणि हे त्याला माहीत होतं. जुन्या गाडीचा नंबर त्याच्या आत लिहिलेला होता. आमच्या गाडीची ओळख त्याला कंपनीच्या कॉम्प्युटरनेच करून द्यायला हवी. पुन्हा त्या इस्त्रीच्या शर्टाकडे गेलो. "सर, वापरलेला पार्ट सिस्टीम घेत नाही." दोस्ताने त्याच्या मशीनवर प्रयत्न केला, ठाण्याच्या एका जाणकाराला बोलावलं, त्याने लॅपटॉप लावून दोन दिवस डोकं खपवलं. शेवटी तो म्हणाला, होईलही, नाहीही, पण हायवेवर गियर मधेच सुटला तर मी जबाबदार नाही. ते ऐकून मीच प्लग काढून घेतला.

घरी येऊन मी बायकोला तारेचं सांगितलं. तोवर तिला एवढंच माहीत होतं की उंदराने वायर खाल्ली. ती वह्या तपासत होती. मी सगळं सांगितलं: शनिवारची सकाळ, लूमची तार, दोस्त काय बोलला ते. तिने लाल पेन खाली ठेवलं.

"तार टाकली नसती तर?"

"वायर बदलली असती तर चालली असती. अजून बरीच वर्षं."

 ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी त्या डब्याला चार महिने शिव्या घालत होतो, कंपनीच्या नावाने बोटं मोडत होतो, आणि तिच्यासमोर उभा असताना मला पहिल्यांदा नीट कळलं की तो डबा तिच्या डाव्या पायाचं काम करत होता. तो मी जाळला.

तिने वही पुन्हा ओढली. "जेवायला वाढू का?" एवढंच म्हणाली.

नंतर आम्ही एकदा नवी ऑटोमॅटिक बघायला गेलो. आतून एखाद्या टीव्हीच्या दुकानासारखी होती. बटणं कमी आणि पडदे जास्त. विकणारा तरुण उत्साहाने सांगत होता की गाडीत कितीतरी कॉम्प्युटर आहेत. बायकोने त्याला विचारलं, "दहा वर्षांनी यातला एखादा जळाला तर मिळेल का?" तो हसला. "मॅडम, दहा वर्षं कोण ठेवतं आता गाडी?" ती आभार मानून उठली. तिच्या नोकरीची अकरा वर्षं बाकी होती. मी तिला म्हणालो, हप्त्यांचं बघू, घेऊ. ती म्हणाली, "नको. परत सवय लागेल."

मग मी माझ्या डोक्याने उपाय काढला. पडघ्याच्या एका शेतकऱ्याकडे पंचवीस वर्षांची एक गाडी गोठ्याच्या बाजूला पडून होती. कार्ब्युरेटरची, हाताने फिरवायच्या काचांची. ती आणून मी महिनाभरात उभी केली, आरटीओचा कागदही करून घेतला. तिच्यात एकही डबा नाही. कुठलाही भाग लेथवर करून मिळतो, नाहीतर भंगारात मिळतो, आणि भंगारातला भाग कोणाची ओळख मागत नाही. लूमसारखी गाडी. मला तिचा अभिमान वाटायला लागला होता, आणि मी तो बायकोला बोलूनही दाखवत होतो. कारखान्यातली वेळ बदलून घेतली. आता सकाळी मी तिला शाळेत सोडतो आणि संध्याकाळी आणतो. पुढची वीस वर्षं ही गाडी मी चालती ठेवीन, याबद्दल मला अजूनही शंका नाही.

मागच्या महिन्यात एका कारखान्याच्या मेन शाफ्टचं बेअरिंग गेलं आणि मला निघायला उशीर झाला. शाळा साडेपाचला सुटते. मी पोचलो तेव्हा पावणेसात वाजले होते. शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. बाहेरच्या पायरीवर बायको बसली होती आणि तिच्या बाजूला शाळेचा म्हातारा शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता. बाईंना एकटं कसं सोडायचं, म्हणून तो थांबला होता. त्याची गावाकडची शेवटची जीप निघून गेली होती.

"मामा, आता या तुम्ही. माझ्यामुळे तुमची गाडी गेली," ती त्याला म्हणाली.

"न्हाय हो बाय, त्यात काय हाय," तो म्हणाला आणि चालायला लागला. मी त्याला सोडतो म्हणालो, तर हातानेच नको म्हणाला.

ती गाडीत बसली. कॅलिपर सरळ केला, काठी दोन सीटच्या मध्ये ठेवली. मी बेअरिंगचं सांगायला लागलो, शाफ्ट कसा तापला होता, नवं बेअरिंग कुठून आणलं. ती ऐकत होती. मग समोरच्या काचेतून बघत म्हणाली, "त्या पाच वर्षांत माझ्यासाठी कोणाला थांबावं लागलं नव्हतं."

मी चावी फिरवली, गाडी लगेच सुरू झाली. मी डाव्या पायाने क्लच दाबला आणि पहिला गियर टाकला.